पिकअप उजवीकडं ओढते, तीनदा अलाइनमेंट झालं. आता काय बघू?

मोसंबीवाला

राम राम मंडळी. गाडी ६ वर्षांची, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. पुढं-मागं दोन्हीकडं पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पॉवर स्टेअरिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कुठं जाईल ते मागच्या वेळी बघितलंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंबडकडून जालन्याला माल घेऊन येत होतो. पुलाचं काम चालू होतं, वळणरस्त्यावर पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही. डावी बाजू दाणकन आदळली. ब्रेक मारलेलाच होता. तेव्हापासून गाडी उजवीकडं ओढते. सरळ चालवायची तर स्टेअरिंग घड्याळात ११ वाजल्यासारखं डावीकडं धरावं लागतं.

अलाइनमेंट तीनदा केलं, दोन वेगळ्या दुकानांत. मशीनवर सगळं बरोबर येतं आणि रस्त्यावर आलं की पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दुकानदारानं खालचा रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत ११ वाजले. तिन्ही वेळचे मिळून २१०० रुपये गेले.

मेकॅनिक म्हणतो टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या रॉडचा सांधा, बदलू, ड्रायव्हर म्हणतो किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पिन, गेलीय, वडील म्हणतात गाडीला दृष्ट लागलीय. मोसंबीचा अंबिया बहार तोडणीला आलाय, गाडी रोज लागते. आठवडाभर उभी करता येणार नाही. कुठून सुरुवात करू?

(ब्रेक मारला की मागून टक् असा एक आवाज पण येतो. पण तो फाळक्याचा, म्हणजे मागच्या झडपेचा असावा, फाळका ढिलाच आहे.)

डिझेलधूर

आधी फुकटातलं बघ. पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी टाक. ओढ डावीकडं गेली तर दोष टायरमध्ये. तशीच राहिली तर टायरचा दोष नाही. हवा दोन्हीकडं सारखी आहे ना?

आयटीतला खेडवळ

विका आणि बैलगाडी घ्या. अलाइनमेंटची भानगडच नाही.

ऊसपट्टा

तू बैलगाडी हाकलेली दिसत नाहीस भाऊ. डावा बैल तापट आणि उजवा आळशी असला की बैलगाडी पण उजवीकडंच ओढती. आणि तिथं रॉड फिरवून भागत नाही, बाजारात जावं लागतं.

निवृत्त फिटर

मोसंबीवाले, दुकानदार बदलण्याआधी तक्रार नीट ओळखा. लोक सगळ्यालाच ‘स्टेअरिंग खराब’ म्हणतात. गाडी एका बाजूला ओढते ते वेगळं, सरळ रस्त्यावर इकडंतिकडं धावते ते वेगळं, ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं ते वेगळं आणि जड लागतं ते अजून वेगळं. प्रत्येकाचं घर निराळं. तुमची ओढ आहे. म्हणजे टायर, ब्रेक किंवा चाकांची दिशा. नुसत्या झिजलेल्या सांध्यानं गाडी बहुधा धावते, एकाच बाजूला सतत ओढत नाही.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकली. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून स्टेअरिंग सैल सोडलं तर चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडं जाते. तुमची उतार चढून उजवीकडं जाते. तेव्हा दोष लहान नाही.

आता घरी करायच्या तपासण्या. १५-२० किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक कमीत कमी मारा, थांबल्यावर चारही चाकांच्या डिशला लांबून हात दाखवा. एखादं चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो. हात चिकटवू नका, भाजेल.

मग पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड लावा. निव्वळ जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही, हे मी ३० वर्षं पोरांना ओरडून सांगितलंय. चाक वर १२ आणि खाली ६ वाजता धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिली. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन. ज्यांच्या गाडीला पुढं पाटे नाहीत त्यांनी बॉल जॉइंट समजावा. मग ९ आणि ३ वाजता धरून तेच करा, तिथला खेळ बहुतेक टाय रॉडकडचा.

शेवटी गाडी जमिनीवर ठेवून इंजिन चालू करा. एकानं स्टेअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खाली डोकावून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. झिजलेला सांधा डोळ्याआधी बोटाला कळतो. चाकांवर वजन असताना करा, उचलून केलं तर काही दिसत नाही.

ऊसपट्टा

काका एवढं सगळं कशाला? स्टेअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. चेकनट ढिली करून अर्धा फेरा आवळायचा. माजलगावच्या रस्त्यावर मी स्वतः आवळलाय, गाडी एकदम टाइट.

निवृत्त फिटर

@ऊसपट्टा, टाइट झाली हे खरंच. पुढं वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक परत आलं का, ते सांगा.

ऊसपट्टा

…नाही येत. हातानं आणावं लागतं. तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त फिटर

त्या स्क्रूनं बॉक्समधले दाते एकमेकांवर दाबले जातात. मधोमध, म्हणजे चाकं सरळ असताना, दाते मुळातच घट्ट बसवलेले असतात. जास्त आवळला की तिथं ते अडकतात, गाडी ना नीट सरळ धरते ना परत येते, आणि बॉक्स लवकर झिजतो. बाहेरचे सगळे सांधे चांगले आहेत याची खात्री झाल्यावरच त्या स्क्रूला हात लावायचा. तुमचा पाव-पाव फेरा मागं घ्या, स्टेअरिंग परत यायला लागलं की थांबा.

अंबाजोगाईची लेक

मी दुधाची पिकअप चालवते. हो, स्वतः चालवते, मागच्या धाग्यात तिघांनी विचारलं होतं म्हणून आधीच सांगितलं. माझी कथा ओढीची नाही, थरथरीची आहे, पण कुणाच्या तरी कामी येईल.

६० च्या पुढं गेलं आणि पुढचं चाक खड्ड्यातून निघालं की स्टेअरिंग हातात नाचायचं. साधं थरथरणं नाही, मनगटं दुखायची. पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून ब्रेक मारला, तर अजून वाढलं. तेव्हा आमच्या मेकॅनिक मामांनी सांगितलं, ‘पोरी, ब्रेकवर उभी राहू नकोस. घट्ट धर, ॲक्सिलरेटर सोड, गाडी आपोआप हळू होऊ दे.’

बॅलन्सिंग केलं, कमी झालं पण गेलं नाही. शेवटी दोन्ही किंगपिन आणि बुश झिजलेले निघाले. खालच्या बुशला ग्रीस पोचलंच नव्हतं. मी दर महिन्याला पैसे देऊन ग्रीसिंग करत होते! मामा म्हणाले, चाक जमिनीवर ठेवून गन मारली की सगळं वजन पिनच्या एकाच अंगावर असतं, तिथं ग्रीस शिरत नाही. चाक उचलून मारायचं, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. तेव्हापासून ग्रीसिंगला मी खुर्ची टाकून समोर बसते.

डिझेलधूर

खुर्ची टाकून बसणं हीच खरी सर्व्हिसिंग, ताई.

मोसंबीवाला

काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. टायर अदलाबदल केली, ओढ तशीच. चाकं सारखीच कोमट. डाव्या पुढच्या चाकाला १२-६ ला थोडा खेळ होता, ब्रेक दाबला की जात होता. म्हणजे बेअरिंग. ती आवळून, नवं ग्रीस भरून, नवी कॉटर पिन टाकून घेतली. टाय रॉडचे सांधे बोट ठेवून बघितले, घट्ट आहेत. मेकॅनिक जे बदलणार होता ते तर नवंच्या नवं निघालं.

आणि ओढ? आहे तिथंच. आता ११ नाही, पावणेअकरा.

कळंबकर

मागचे पाटे बसलेत का बघा. आमच्याकडं सोयाबीनच्या हंगामात गाडी मागून बसते आणि पुढून हलकी होते. मागच्या चाकांच्याही मागं माल लादला की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात, स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतं आणि गाडी रस्ताभर पोहते. मी दोन्हीकडं एकेक जादा पाटा टाकून घेतला. झकास.

निवृत्त फिटर

जादा पाट्यानं गाडी उभी दिसते, ताकद वाढत नाही. आधी पाटा जो धक्का पोटात घ्यायचा तो आता पाट्याची टोकं धरणाऱ्या शॅकलच्या पिना, हँगर आणि चासी घेते. पुढच्या वर्षी हँगरच्या रिव्हेटांभोवती गंज उतरल्यासारखी तांबडी रेघ दिसली तर समजा, रिव्हेट ढिली झाली.

कळंबकर

काका, माल कमी भरला तर डिझेल परवडत नाही.

आयटीतला खेडवळ

आणि जास्त भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० दंड, वर जादा टनामागं २,०००. हिशेब करून बघा कळंबकर.

कळंबकर

हिशेब रोजच करतो भाऊ. सोयाबीनचा भाव तू वाढवून दे, मी पाटा काढून तुझ्या बाल्कनीत शोभेला पाठवतो.

ऊसपट्टा

पाटा बाल्कनीत कशाला, लोहाराला द्या. आमच्या बीड जिल्ह्यात गाडीचा जुना पाटा कधी भंगारात जात नाही. त्याचा कोयता होतो. पाट्याच्या पोलादाला धार धरते आणि टिकते. निम्मे कोयते कधीकाळी ट्रकखाली होते. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, हे शहरातल्यांना माहीत असावं म्हणून सांगितलं.

पाटेवाला

कोयत्याचं खरंय. पण एक विनंती, तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून परत गाडीखाली घालू नका. माझ्याकडं असे पाटे येतात. पाट्याला त्याची लवचीक ताकद भट्टी, तेल आणि पुन्हा ताव देण्यातून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं तेवढ्या पट्ट्यात ती मरते, आणि पुढचा तडा वेल्डिंगच्या शेजारी बरोबर पडतो. बसलेला पाटा नुसता तापवून ठोकून वाकवला तरी तेच, महिन्यात परत बसतो.

मोसंबीवाले भाऊ, तुमची पोस्ट पुन्हा वाचली. रात्री सवडीनं लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

वसमतची हळद

तोवर शॉकअपबद्दल मी लिहिते. आमच्या काळ्या मातीचा रस्ता उन्हाळ्यात भेगाळतो, पावसाळ्यात फुगतो आणि दोन वर्षांत त्याच्या लाटा होतात. त्यावर रिकामी पिकअप उंटासारखी चालते. सगळे सांगतात, गाडी दाबून बघा, किती वेळा हलते. पाट्याच्या गाडीत हे फसवं आहे. पाटे एकमेकांवर घासूनच झोका जिरवतात, त्यामुळं मेलेला शॉकअपसुद्धा पास होतो. माझे मिस्टर वेगळं बघतात. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून आले की चारही शॉकअपना हात लावायचा. काम करणारा गरम असतो. जो थंडगार तो आयतं बसून खातोय.

अंबाजोगाईची लेक

अगदी आमच्या घरच्या दिरासारखा.

वसमतची हळद

😄 तुमच्या घरी हा धागा कुणी वाचत नाही ना?

डिझेलधूर

टायर पण बोलतो. जागोजाग खळगे पडले तर शॉकअप किंवा बॅलन्स. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. हात फिरवल्यावर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट करवतीसारखा लागला तर चाकांची तोंडं आत-बाहेर झालीत.

जळालेलं ऑइल पाट्यांना मारणारे पण असतील इथं. मारा बापडे, पण रबरी बुशवर उडू देऊ नका. रबर फुगतं आणि चिघळतं.

नवा भिडू

माझी अमुक कंपनीची आहे, २ लाख किलोमीटरला एक नट बदलला नाही. तमुक कंपनीची घेतली असती तर…

डिझेलधूर

आलं रे आलं. भाऊ, पहिली पोस्ट वाच.

पाटेवाला

हां, आता निवांत. मोसंबीवाले भाऊ, तुम्ही सगळे पुढं बघूलालात. मी नांदेडला २२ वर्षं फक्त पाटेच बघितले, म्हणून माझी नजर मागं जाते. तुमच्याच पोस्टमधून तीन गोष्टी उचलतो.

खड्डा लागला तेव्हा ब्रेक दाबलेला होता आणि डावी बाजू आदळली. अशा वेळी जमीन डाव्या चाकाला जोरात मागं ढकलते.

तिसऱ्या दुकानदारानं स्टेअरिंग सरळ केलं आणि दोन दिवसांत परत तिरकं झालं, आता तर पावणेअकरा. सांधे घट्ट आहेत म्हणता. मग सेट केलेलं हलतंय कसं? पुढं काही हलत नसेल तर मागं हलतंय.

आणि ब्रेक मारला की मागून टक् येतो. तो तुम्ही कंसात टाकून फाळक्याच्या नावावर खपवला.

मागचा ॲक्सल पाट्यावर यू बोल्टनं आवळलेला असतो, पण त्याची जागा ठरवतो पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलच्या गादीतल्या भोकात बसतं. यू बोल्ट ढिले झाले की सगळा धक्का त्या बारक्या बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग ॲक्सल पाट्यावर पुढं-मागं सरकतो. डावीकडं मागं सरकला की मागची चाकं गाडीचं बूड डावीकडं ढकलतात, तोंड उजवीकडं फिरतं, आणि तुम्हाला स्टेअरिंग डावीकडं धरून बसावं लागतं. बरोबर तुमचं लक्षण.

मशीनवर का दिसलं नाही? फक्त पुढची चाकं मोजली असणार. बऱ्याच दुकानांत पिकअपचं मागचं कुणी मोजत नाही, ॲक्सल सरळच असणार असं धरून चालतात.

पैसे न घालवता बघा. सपाट जागा, गाडी रिकामी, पुढची चाकं एकदम सरळ. टेप घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावीकडं मोजा, मग उजवीकडं. आणि कुणाला तरी मोटारसायकलवर मागं यायला सांगा, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते का बघायला.

निवृत्त फिटर

पाटेवाले, मानलं. मी टक् वाचलाच नाही. कंसातलं वाचत नाही, वयाचा दोष.

मोसंबीवाला

आत्ता मोजून आलो. दोनदा मोजलं, एकदा मी, एकदा पुतण्यानं. डावी बाजू उजवीपेक्षा १९ मिलिमीटर जास्त. पुतण्या मोटारसायकलवर मागून आला, म्हणतो, ‘काका, गाडी नवरीसारखी तिरकी बघत चालते.’

खाली वाकून बघितलं. डाव्या यू बोल्टच्या नटांशेजारी पाट्यावर चकचकीत घासल्याची खूण आहे. आधी तिथं गंज होता. माल भरायचा का नको आता?

पाटेवाला

नको. अजिबात नको. ॲक्सल अजून सरकला तर ब्रेकचा पाइप ओढला जाईल, इंजिनची ताकद मागं नेणाऱ्या कार्डन शाफ्टवर ताण येईल. रिकामी, हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत न्या.

तिथं उभं राहून बघा. जॅक आणि घोड्या चासीखाली, पुढच्या चाकांना दगड. यू बोल्ट काढण्याआधी पाट्यांच्या थप्पीला दोन्हीकडं सी क्लॅम्प लावलाच पाहिजे. सेंटर बोल्ट निघाला की दाबलेले पाटे उघडतात, एका पोराची बोटं गेलेली मी पाहिलीत. गादीतलं भोक लांबट झालंय का बघायला सांगा. झालं असेल तर नुसत्या नव्या बोल्टनं भागणार नाही, आधी गादीचं काम. उजवीकडचा सेंटर बोल्ट पण बदला, त्यानं पण तेवढेच खड्डे खाल्लेत.

जुने यू बोल्ट परत वापरू देऊ नका, एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही. नवे नट समोरासमोरचे थोडेथोडे, आडवे-तिडवे आवळायचे, शेवटी टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्याला. नुसता पाइप घालून लोंबकळायचं नाही. शॅकलचे रबरी बुश बदलले तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावर आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. पहिला माल टाकून आला की यू बोल्ट पुन्हा बघायचे, आठवड्यानं अजून एकदा. पाटे बसतात, बोल्ट ढिले होतात. हे कुणी करत नाही म्हणून माझं घर चालतं.

कळंबकर

मामा, माझ्या जादा पाट्यावेळी यू बोल्ट जुनेच ठेवले होते. तेच परत आवळलेत.

पाटेवाला

मग उद्या टेप घ्या.

कळंबकर

मोजलं. दोन्हीकडं सारखं. पण एक नट हातानं अर्धा फेरा फिरला. नांदेडला कधी येऊ?

मोसंबीवाला

उशीर झाला लिहायला, चार दिवस तोडणीच चालू होती.

सेंटर बोल्ट कापलेलाच निघाला. दोन तुकडे, मधला भाग घासून आरशासारखा. गादीचं भोक वाचलं. दोन्ही सेंटर बोल्ट, चारही यू बोल्ट, डावीकडचे शॅकल बुश, मजुरी धरून ४३०० लागले. आता दोन्हीकडचं अंतर सारखं.

पहिल्याच दिवशी उलटी गंमत. स्टेअरिंग उजवीकडं, घड्याळात १ वाजले! कारण तिसऱ्या दुकानदारानं फिरवलेला रॉड तसाच होता. चौथं अलाइनमेंट केलं, या वेळी त्याला मागची चाकं पण मोजायला लावली. तो म्हणाला, कुणी सांगतच नाही. मी म्हटलं, मी सांगतोय.

परवा भरून संभाजीनगरला जाधववाडीला जाऊन आलो. स्टेअरिंग बरोबर १२ वर. येताना यू बोल्ट बघितले, दोन नट थोडे आवळले गेले. वडिलांनी तरीही गाडीवरून लिंबू-मिरची काढू दिलेलं नाही.

मेकॅनिकला तुटलेला बोल्ट दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, टाय रॉड एंड मात्र बदलून घ्या.

अंबाजोगाईची लेक

😄😄 छान झालं भाऊ. आणि तो टक्?

मोसंबीवाला

ब्रेकचा टक् गेला ताई. आता खड्ड्यात येतो. तो खरंच फाळक्याचा आहे.

डिझेलधूर

बिजागरीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल आणि अडकण्याला वॉशर. १० रुपयात.